नोंद एकसष्टचा अर्थ

पुणे
६ जानेवारी २०२५

श्री. हणमंतराव यांस,
सप्रेम नमस्कार.

'नेहमीचं इंग्रजी, नेमकं इंग्रजी' या तुमच्या पुस्तकाचं पहिलं मुद्रित या पत्रासोबत स्पीड पोस्टाने पाठवत आहे. तुम्ही ईमेल वापरत नाही आणि कामाचं फोनवर बोलत नाही, असं तुमची पुतणी मंजू हिने कळवलं. त्यामुळे बऱ्याच वर्षांनी हाताने पत्र लिहिते आहे. अक्षर सांभाळून घ्यावं.

एकशे बारा नोंदी वाचून झाल्या. प्रत्येक नोंदीत तुम्ही आधी चुकीचं इंग्रजी वाक्य देता, मग त्याचा मराठी अर्थ, मग बरोबर वाक्य. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काम केलेल्या माणसाची नेमकी, आटोपशीर भाषा आहे. माझ्याकडे दोनच शंका आहेत.

पहिली शंका आमचे प्रकाशक शरदचंद्र सर यांची. चुकीची वाक्यं काढून टाकावीत असं त्यांना वाटतं. चूक छापली की वाचकाच्या डोक्यात तीच राहते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय पुस्तक चाळीस पानांनी हलकं होईल.

दुसरी शंका किरकोळ आहे. नोंद एकसष्टमध्ये मराठी अर्थ राहून गेला आहे. वाक्य असं: 'फूड इज नॉट गोइंग. आय कॅनॉट पुल ऑन हिअर.' अर्थ मीच लिहिला असता, पण लेखकाच्या मजकुरात परस्पर भर घालायची नाही, हा आमच्याकडचा नियम आहे.

मार्चअखेर पुस्तक छपाईला द्यायचं आहे. कृपया वीस तारखेपर्यंत रिव्हर्ट बॅक करावं.

आपली,
नमिता शेवडे
(संपादन विभाग)

---

मंडी मोहल्ला, म्हैसूर
१४ जानेवारी २०२५

श्रीमती नमिता यांस,
नमस्कार.

तुमचं पत्र दुरुस्त करून सोबत परत पाठवलं आहे. राग मानू नये. दुरुस्त केलेला कागद ज्याचा त्याला परत करायचा, ही माझी जुनी सवय आहे. चूक ज्याने केली त्याच्याच हातात ती दुरुस्त होऊन गेली पाहिजे, नाहीतर दुरुस्तीचा उपयोग काय? 'रिव्हर्ट बॅक'खाली मी तांबडी रेघ मारली आहे. 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला जाणे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते मला जमणारं नाही. उत्तर तेवढं देऊ शकतो. तुमचं मराठी चांगलं आहे. आमचं म्हैसूरचं मराठी निम्मं कन्नड, पुस्तकी मराठी मी वाचून वाचून शिकलो. त्यामुळे त्या बाबतीत तुम्हीच माझ्या चुका काढा.

आता कामाचं. चुकीची वाक्यं काढता येणार नाहीत. शरदचंद्रांना सांगा, चुकीवरून माणूस कुठून आला ते कळतं. सणाच्या दिवशी 'हेड बाथ' घेतलं असं कोणी लिहिलं, की मला आमच्याकडचं घर दिसतं. पहाटेचा बंब, डोक्याला लावलेलं तेल, न्हाणीच्या दारात टॉवेल घेऊन उभी असलेली आई. तेच बरोबर करून 'केस धुतले' असं लिहिलं, तर तो माणूस लंडनचाही असू शकतो. शिकणाऱ्याला आपली चूक ओळखीची वाटली, तरच तो पुढचं वाचतो.

तरीही त्यांचं म्हणणं कायम असेल, तर हस्तलिखित परत पाठवावं. मी दुसरा प्रकाशक शोधणार नाही. पुस्तक राहू द्या.

एकसष्टचा अर्थ सोपा आहे. वाचक लावतील.

आपला,
हणमंतराव

---

पुणे
२२ जानेवारी २०२५

आदरणीय हणमंतराव,

तुमचं तांबड्या शाईचं टपाल मिळालं. माझ्या एका पानात अकरा दुरुस्त्या! शरदचंद्र सरांनी तो कागद सगळ्या ऑफिसला दाखवला. 'बघा, असा लेखक मिळायला भाग्य लागतं,' असं म्हणाले. कोणाचं भाग्य, ते नाही सांगितलं.

एक गंमत लक्षात आली. माझं पत्र तुम्ही परत पाठवलंत, म्हणजे मी तुम्हाला लिहिलेलं तुमच्याजवळ काहीच उरलं नाही. ते वाचायचं झालं तर तुम्हाला माझ्याकडे यावं लागेल.

सर थोडे नरमले आहेत. त्यांना पटेल असं काहीतरी सांगता यावं, म्हणून काल मी फक्त चुकीची वाक्यं सलग वाचून काढली. हे आधी करायला हवं होतं. 'आय रीच्ड सेफली. रूम इज थर्ड फ्लोअर.' मग 'सुपरवायझर इज ईटिंग माय हेड.' मग 'टुडे बीइंग उगादी, आय टूक हेड बाथ अँड वेंट टू टेम्पल अलोन.' मग 'रूममेट इज आऊट ऑफ स्टेशन, सो आय ॲम कुकिंग ओन्ली रसम.' मग 'टेल मदर आय ॲम ॲडजस्टिंग.' एका नोंदीत भोसरीचं नावही आहे. मी रोज त्याच भागातून बसने ऑफिसला येते.

उदाहरणं अशी नसतात. अभ्यासाच्या पुस्तकात शंभर नोंदींत शंभर माणसं असतात. इथं सगळं एकच कोणीतरी बोलतं आहे. विचारणं आगाऊपणाचं असेल तर तांबडी रेघ मारा, पण ही वाक्यं कोणाची आहेत?

आणि एकसष्ट राहिलंच.

आपली,
नमिता

---

म्हैसूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. नमिता,

तुझं पत्र आठ दिवस टेबलावर होतं. ते दुरुस्त केलेलं नाही, आणि परतही पाठवत नाही.

वाक्यं आमच्या सुदीपची आहेत. तो आमचा एकुलता एक मुलगा. डिप्लोमा झाल्यावर भोसरीच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. १९९८ च्या सप्टेंबरात काविळीने गेला. बावीस वर्षांचा होता.

आमचं घराणं शिंप्याचं. माझे वडील मशीनवर बसूनच म्हातारे झाले. मी पहिला इंग्रजी शिकलो, संध्याकाळच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात उपसंपादक झालो. दर गुरुवारी तिथं माझा एक स्तंभ येई, रोजच्या वापरातले इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांतल्या चुका. मुलाने इंग्रजी पक्कं करावं म्हणून मी दंडक घातला होता, की घरी पत्र दर आठवड्याला आणि ते इंग्रजीतच यायचं. फोन समोरच्या औषधाच्या दुकानात होता, पण तो तातडीचं काही असेल तरच. त्याचं पत्र आलं की मी कमलाक्षीला, म्हणजे माझ्या बायकोला, मराठीत वाचून दाखवी. तिला कन्नड लिहिता-वाचता येतं, इंग्रजी नाही. मग मी तांबडी शाई घेऊन बसे. त्यातल्या चुका स्तंभासाठी एका वहीत उतरवून घेई, आणि पत्र त्याचं त्याला परत. पत्राच्या तळाशी तो आईसाठी एक ओळ कन्नड अक्षरांत लिहीत असे. ती मी वाचत नसे. दुसऱ्याचं पत्र वाचू नये.

तू गमतीने लिहिलंस ते खरं आहे. सगळी पत्रं त्याच्याकडे परत गेली. तो गेल्यावर खोलीच्या मालकाने रोगाच्या भीतीने गादी, कपडे, कागद सगळं जाळून टाकलं. आमच्या घरात त्याचं एकही पत्र नाही. त्या वहीत चुका तेवढ्या उरल्या. त्याने बरोबर लिहिलेलं एकही वाक्य माझ्याकडे नाही, कारण ते उतरवून घ्यायचं मला कधी कारण पडलं नाही.

वही आता पिवळी पडली आहे, कडा तुटतात. म्हणून पुस्तक. हे शरदचंद्रांना सांगायचं की नाही, ते तू ठरव.

हणमंतराव

---

पुणे
११ फेब्रुवारी २०२५

काका,

असं म्हटलेलं चालेल ना?

सरांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, 'सगळी वाक्यं ठेव. आणि जरा मोठ्या टाइपात घे.' तो विषय संपला.

त्या दिवसापासून मी भोसरीचा थांबा आला की तिसऱ्या मजल्यांकडे बघते. एवढ्या इमारती आहेत. मूर्खपणा आहे, पण नजर जाते.

आता एकसष्टबद्दल. काका, मला वाईट वाटतं आहे, तरी कामाच्या नात्याने विचारायलाच हवं. एकशे अकरा ठिकाणी अर्थ आहे आणि एका ठिकाणी कोरी जागा. वाचणारा थबकणार. तुमच्या हातून नजरचुकीने काही सुटत नाही, हे मला माझ्या पत्रावरून माहीत आहे. तिथं काही अडचण असेल, तर निदान मला कळवा, म्हणजे त्या पानाचं काय करायचं ते ठरवता येईल.

काकूंना नमस्कार.

नमिता

---

म्हैसूर
२ मार्च २०२५

चि. नमिता,

उशीर झाला. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आयुष्यात मी कधी मजकूर उशिरा दिला नाही, आणि नेमकी तीच शिस्त या गोष्टीच्या मुळाशी आहे.

एकसष्ट हे शेवटच्या पत्रातलं आहे. ते पत्र ९ सप्टेंबर १९९८ ला आलं. बुधवार होता. बुधवारी अकराच्या आत स्तंभ द्यायचा असे. त्या आठवड्यात माझ्याकडे विषय नव्हता. पत्र उघडलं आणि पहिल्या दोन वाक्यांतच मला दोन चांगल्या चुका मिळाल्या. चांगल्या, असंच मनात आलं, खोटं कशाला सांगू. अर्ध्या तासात स्तंभ झाला. पत्रावर खुणा केल्या आणि पाकिटात घालून कमलाक्षीकडे दिलं. पाकीट चिकटवून पेटीत टाकायचं काम तिचं.

तिने विचारलं, 'काय लिहितो?' मी म्हटलं, 'बरा आहे. डब्याचं जेवण आवडत नाही म्हणतो.' हे अगदी खोटं नव्हतं. मला खरोखरच वाटलं, पहिली नोकरी आहे, घर आठवतं आहे, पुढच्या पत्रात समजावून लिहू.

पण त्या पत्रात तिसरं वाक्यही होतं. 'शॅल आय कम होम?' घरी येऊ का? त्या आख्ख्या पत्रात तेवढंच एक वाक्य बिनचूक होतं. मी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली, तांबड्या शाईने. दुसरं काही लिहिलं नाही. पाकीट गेलं. बिनचूक असल्यामुळे ते वाक्य वहीत नाही आणि पुस्तकातही नाही.

सतराला औषधाच्या दुकानात फोन आला. मी पोचलो तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. त्याच्या खोलीतला मुलगा म्हणाला, 'अंकल, रोज पोस्टमनची वाट बघायचा. तुमचं पाकीट आलं, त्याने उघडून पाहिलं, मग कूस बदलून झोपला.'

कमलाक्षीला यातलं काही माहीत नाही. सव्वीस वर्षं मी हे तिच्यापासून ठेवलं आहे. पुस्तक आलं की मंजू तिला मराठीतला भाग वाचून दाखवणार, दोघींचं तसं ठरलं आहे. म्हणून तिथं मराठी नको. नोंदच काढून टाकलीस तरी चालेल. वाक्यं ठेवा म्हणून भांडणारा मी, आणि एक वाक्य काढा म्हणून सांगणाराही मीच. हसू नकोस.

हे कोणाला कळवू नये.

हणमंतराव

---

म्हैसूर
५ मार्च २०२५

सौ. नमिताबाईंना कमलाक्षीचा नमस्कार.

मला नागरी अक्षरं येत नाहीत. बोलणं मराठी, लिहिणं कन्नड, असं आमच्याकडच्या माझ्या वयाच्या बायकांचं सगळ्यांचंच. म्हणून कन्नड अक्षरांत मराठी लिहिते आहे. तिथं वाचणारं कोणीतरी मिळेल. पत्ता मंजूने पाकिटावर घातला. आत काय आहे ते तिला ठाऊक नाही. यांनाही नाही.

तुम्ही पाठवलेले कागद मंजू रोज संध्याकाळी गोकुलम भागातल्या कामावरून आली की पाच-पाच पानं वाचून दाखवते. हे विठ्ठलाच्या देवळात भजनाला जातात तेव्हा. यांना वाटतं, मी पुस्तक येईपर्यंत सुम्मने, गप्प बसणार आहे. बाई, माझ्या लेकराचं बोलणं आहे त्यात, मी कशी थांबू? रसमचं वाचलं तेव्हा मी आणि मंजू दोघी हसलो. पाप, बिचाऱ्याला रसमशिवाय काही करता येत नव्हतं, आणि तेही पाणचट.

एकसष्टला मंजू थांबली. मला मोठ्या काकूला ती दोडम्मा म्हणते. म्हणाली, 'दोडम्मा, इथं काकांनी मराठी लिहिलं नाही.' मग तिनेच अर्थ सांगितला. जेवण जात नाही, इथं निभत नाही. मी 'आयतु, झालं, पुढचं वाच' म्हटलं. पण एकशे अकरा ठिकाणी यांनी लिहिलं आणि एकाच ठिकाणी हात थांबला. मला इंग्रजी कळत नाही. यांचा थांबलेला हात कळतो.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते सांगते. यांना वाटतं, सुदीपचं घरात काही उरलं नाही. माझ्याकडे आहे. प्रत्येक पत्राच्या खाली तो माझ्यासाठी एक ओळ लिहायचा, आमच्या बोलीत. पाकीट चिकटवायचं काम माझं. चिकटवायच्या आधी मी कापडाच्या कात्रीने तेवढी पट्टी कापून घ्यायची. ब्लाउजची पट्टी कापते तशी, सरळ. सुदीपला कळायचं, पत्र तळाशी आखूड होऊन परत यायचं ना. एकदा त्याने ओळीत लिहिलं, 'आई, कात्रीला धार आहे बरं का अजून.' सगळ्या पट्ट्या बटणांच्या डब्यात आहेत. तीस आणि एक. यांना दाखवल्या नाहीत. यांनी पत्रं परत पाठवली आणि मी चोरून ठेवली, हे दाखवलं तर यांना आणखी लागेल, म्हणून.

शेवटच्या पट्टीवर लिहिलं आहे, 'आई, सगळं बाबांना लिहिलंय. ते सांगतील.'

मी विचारलं होतं काय लिहितो म्हणून. हे बरा आहे म्हणाले. मला तेव्हाच कळलं, हे सगळं नाही. पण यांनी सांगितलं नाही म्हणजे काही कारण असेल, उद्या सांगतील, परवा सांगतील. मग फोनच आला. त्यानंतर मी कसं विचारू? विचारलं असतं तर यांचं काय झालं असतं? आधीच जेवत नव्हते. मी विचारलं नाही. पट्टी डब्यात आहे. सव्वीस वर्षं मी रोज बटणं काढायला तो डबा उघडते.

यांनी तुम्हाला पत्रांतून काही सांगितलं असेल. माणूस लांबच्याला सांगतो. त्या पत्रात आणखी काय होतं, तेवढं मला कळवा. यांना कळू देऊ नका. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, खचतील.

कमलाक्षी

---

पुणे
१३ मार्च २०२५

काकू,

तुमचं पत्र मिळालं. आमच्या छापखान्यातले वेंकटेश मूळचे धारवाडकडचे. त्यांना वाचायला दिलं. ते कन्नड म्हणून वाचायला लागले आणि तोंडातून मराठी यायला लागलं. दोन ओळी झाल्यावर ते थांबले, कागद उलटसुलट करून पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटी म्हणाले, 'हे मी कोणाला सांगणार नाही, मॅडम.' ते सांगणार नाहीत.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मी देणार नाही. मला माहीत नाही असं म्हणत नाही. पण ते माझ्या तोंडून तुम्हाला कळलं, तर ते पत्र दुसऱ्यांदा चुकीच्या हाती गेल्यासारखं होईल. सुदीपने लिहिलं होतं, बाबा सांगतील. मग बाबांनीच सांगायला हवं.

मी आज काकांनाही एक टपाल पाठवलं आहे. ते मिळालं की काही दिवस घरी भजनाच्या वेळा चुकतील कदाचित. तेव्हा बटणांचा डबा हाताशी ठेवा.

तुमची,
नमिता

---

पुणे
१३ मार्च २०२५

काका,

नोंद एकसष्ट काढणार नाही. मी तुमच्याच पहिल्या पत्राचा आधार घेते. चुकीवरून माणूस कुठून आला ते कळतं, असं तुम्ही म्हणालात. हे वाक्य काढलं, तर तो कुठं गेला तेही पुसलं जाईल.

सोबत फक्त ते एक पान पाठवलं आहे. अर्थाची जागा कोरी आहे. ती तुमच्या हाताने भरून पाठवा. पंचवीस तारखेला मला हवं. तुम्ही मुदत पाळता म्हणून मुदत घालते आहे, नाहीतर घातली नसती.

आणखी एक. तुम्ही मला तुमच्या घरची पद्धत सांगितली होती. पत्र आधी घरात मराठीत वाचून दाखवायचं, मग शाई उघडायची. या पानालाही तोच क्रम असू द्या. मी याहून जास्त लिहीत नाही. तुम्ही जे कोणाला कळवू नको म्हणालात, ते मी कळवलेलं नाही.

माझं हे पत्र दुरुस्त केलंत तरी परत पाठवू नका. ठेवून घ्या.

नमिता

---

म्हैसूर
२३ मार्च २०२५

चि. नमिता,

पान सोबत आहे. मुदतीच्या दोन दिवस आधी.

तुझं टपाल मंगळवारी आलं. पाच दिवस मी ते पान भजनाच्या पुस्तकात घालून हिंडवलं. आज रविवार. मंजू सकाळी मैत्रिणींबरोबर बैलकुप्प्याला तिबेटी मठ बघायला गेली. घरात आम्ही दोघंच. जेवणं झाल्यावर कमलाक्षी मशीनवर बसली होती, कोणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत. मी समोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, 'सुदीपचं एक पत्र वाचायचं राहिलं आहे.'

तिने हातातलं काम खाली ठेवलं नाही. 'वाचा,' म्हणाली.

मी वाचलं. 'जेवण जात नाही. इथं माझ्याच्यानं निभत नाही.' एवढं वाचून थांबलो. ती म्हणाली, 'पुढे?' मी म्हटलं, 'कागदावर एवढंच आहे.' ती म्हणाली, 'कागदावरचं कोण विचारतंय?'

तेव्हा सांगितलं. घरी येऊ का, असं विचारलं होतं. मी बरोबरची खूण केली होती. बुधवार होता, तेही सांगितलं. स्तंभाचंही सांगितलं.

तिने विचारलं, 'खूण कुठल्या शाईने?'

'तांबड्या.'

ती उठून आत गेली. मला वाटलं आता बाहेर येणार नाही. भांड्याचा आवाज नाही, काही नाही. मग बटणांचा डबा घेऊन आली, झाकण काढलं आणि बटणं पदरात ओतली. तळाशी कागदाच्या पट्ट्या होत्या, सुईच्या पुडीला असतो तशा दोऱ्याने बांधलेल्या. नमिता, ते त्याचं अक्षर होतं. कन्नड अक्षर, गोल, घाईचं. सव्वीस वर्षं ते माझ्यापासून चार हातांवर होतं.

सगळ्यांत वरची पट्टी तिने माझ्या हातात दिली. मी दुसऱ्याचं पत्र वाचत नाही. 'वाचा,' ती म्हणाली, 'आता तुमचंही आहे.' मी वाचली. त्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे, असं ती म्हणते. तू बरंच काही ठाऊक असून गप्प बसलीस. त्याबद्दल तुला काय म्हणावं, कळत नाही.

मी तिला म्हटलं, 'तू विचारलं का नाहीस?' ती म्हणाली, 'तुम्ही सांगितलं का नाहीत?' मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं झालं नाही. तिलाही वाटलं नसणार. संध्याकाळी मी भजनाला गेलो नाही. आम्ही उरलेल्या तीस पट्ट्या खाली चटईवर मांडल्या, आणि वही घेऊन कुठल्या पट्टीवर कुठली वाक्यं बसतात ते जुळवत राहिलो. रसमच्या खाली लिहिलं होतं, 'आई, चिंच किती घालायची ते कळव.' तिने कळवलं होतं की नाही, तिला आठवत नाही. त्यावरून ती रडली. एवढ्या सगळ्यात त्यावरून.

दिवे लागल्यावर तिने विचारलं, 'त्या दिवशी पोराला उत्तर द्यायचं झालं असतं, तर काय दिलं असतंत?'

मी म्हटलं, 'ये म्हटलं असतं. उशिरा का होईना, म्हटलं असतं.'

'मग ते लिहा,' ती म्हणाली. 'पुस्तक बरोबर काय ते सांगायला काढलंत ना?'

म्हणून पानावर ते तिसरं वाक्य मी जोडलं आहे, आणि 'बरोबर'पुढे पूर्वी जे दोन ओळींचं इंग्रजी होतं ते खोडलं आहे. तांबड्या शाईने, शेवटचं. शरदचंद्र म्हणतील, नोंदीच्या साच्यात बसत नाही. बसत नाही, हे मलाही माहीत आहे. तरी पुढीलप्रमाणेच छापावं, आणि त्यात कोणी दुरुस्ती करू नये:

६१.
चूक: फूड इज नॉट गोइंग. आय कॅनॉट पुल ऑन हिअर. शॅल आय कम होम?
अर्थ: जेवण जात नाही. इथं माझ्याच्यानं निभत नाही. घरी येऊ का?
बरोबर: ये.

हणमंतराव
कमलाक्षी

(खालची सही तिने स्वतः केली आहे. नागरीत, आयुष्यात पहिल्यांदा. 'क्ष' लिहायला मी शिकवलं. थोडा वाकडा आला आहे, तो तसाच राहू दिला आहे.)